वाऱ्याच्या नोंदी

साठ मीटर उंचीवर बसून वहीत खोटं लिहायचंच असेल, तर निदान वाऱ्याबद्दल लिहू नये. वारा मोजायचं यंत्र तिथेच डोक्यावर गरगरत असतं. टॉवरताईने मात्र सहा वर्षं नेमकं तेच केलं.

टॉवरताई हे तिला बांधकामावरच्या लोकांनी दिलेलं नाव. उंच इमारत उभी राहताना शेजारी जी लांब हाताची क्रेन असते, तिच्या मानेजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती अकरा वर्षं लोखंड, काँक्रीट आणि खिडक्यांच्या चौकटी वर चढवत होती. हात इतका हलका, की दोन टनांचा भारा खाली टेकला तरी आवाज यायचा नाही. "ताई अंडं ठेवतात," असं लोक म्हणायचे. हे ऐकलं की ती तोंडाने "चला, कामाला लागा" म्हणायची आणि आतून फुगायची.

पण महिन्यातून एक दिवस कंबर आणि ओटीपोट असं काही धरायचं, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. अशा वेळी ती आधी हुकावरचा माल नीट खाली टेकवायची. त्यात तिने कधी हयगय केली नाही. मग मोटर बंद करून केबिनच्या तळाशी गुडघे पोटाशी घेऊन पडायची. गोळी लागू पडायला पंधरा-वीस मिनिटं लागत. त्यानंतर वही. वहीत 'काम थांबवण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात पाऊस चालतो, बिघाड चालतो, वारा चालतो. 'पोटात दुखतं' हे कारण तिने कोणाच्याच वहीत पाहिलं नव्हतं. वाऱ्याशी कोणी वाद घालत नाही, म्हणून ती 'वारा' लिहायची.

मग साइटवर नवे सुरक्षा अधिकारी आले. तरुण, टापटीप, आणि दुर्दैवाने कामसू. त्यांनी यंत्रातले वाऱ्याचे आकडे काढले, वहीतल्या नोंदी शेजारी मांडल्या आणि टॉवरताईला खाली बोलावलं.

"या दिवशी तुम्ही वीस मिनिटं वारा लिहिलाय," ते म्हणाले. "त्या वेळी वारा ताशी चार किलोमीटर होता, मॅडम. मेणबत्तीसुद्धा विझली नसती."

अशा त्रेसष्ट नोंदी त्यांनी काढल्या होत्या. तिने मग खरं काय ते सांगितलं. अधिकारी कानापर्यंत लाल झाले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली, ती स्वच्छ आली. मग त्यांनी 'मानसिक ताण, उंचीवरच्या कामास तूर्त अयोग्य' असं लिहून दिलं आणि टॉवरताईची रवानगी फाटकाजवळच्या स्टोअरमध्ये झाली. येणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, जाणाऱ्याकडून परत घ्यायचं आणि दोन्ही वेळा सही करून घ्यायची. दुखण्याचं कारण सापडलं आणि त्यावर उपचार झाले, असं कोणा तज्ज्ञाने लेखी दिलं तरच पुन्हा वर जाता येणार होतं. नाहीतर जन्मभर हेल्मेटं.

स्टोअरच्या खिडकीतून क्रेन दिसायची. तिच्या जागी आलेला चालक माल आदळायचा. प्रत्येक दणक्याला टॉवरताई डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी सिग्नलवाले काका हेल्मेट परत करायला आले. खाली उभं राहून वायरलेसवर तिला 'उचला', 'थांबा', 'डावीकडे' सांगायचं काम त्यांचं. अकरा वर्षांत दोघं समोरासमोर फार बोललेले नव्हते, पण एकमेकांचा श्वाससुद्धा ओळखत होते.

"ताई, मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "खाली पान हलत नसायचं आणि तुम्ही वारा म्हणायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मी पण माझ्या वहीत वाराच लिहायचो. दोन्ही वह्या जुळायला नकोत?" त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "माझ्या सुनेचं असंच होतं. या डॉक्टरबाईंनी ऑपरेशन केलं. आधी ऐकून घेतात, मग बोलतात. तेवढ्यासाठी तरी जाऊन या."

टॉवरताई गेली. बरोबर नवरा होता. तो वायरमन, स्वभावाने थट्टेखोर आणि दवाखान्यात शिरला की मुका. आणि आई होती. आई दुसऱ्या गावी राहायची, पण लेकीला वरून खाली आणल्याचं कळताच बॅग घेऊन हजर झाली होती. दुखण्याबद्दल आईचं मत वर्षानुवर्षं एकच होतं: "बाईच्या जातीला एवढं असायचंच. आम्ही नाही का अंगावर काढलं?" लेक बाराव्या वर्षी पोट धरून बसली तेव्हा आई हेच म्हणाली होती, आणि आता छत्तिसाव्या वर्षी रिक्षातही तिने हेच म्हणून घेतलं.

डॉक्टरबाई बुटक्या होत्या, चष्मा डोक्यावर आणि पेन्सील कानामागे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधी कधी दुखतं, कुठे टिपून ठेवलंय का?"

"वही आहे," टॉवरताई म्हणाली, "पण ती खोटी आहे."

अधिकाऱ्यांनी आरोप म्हणून टाचून दिलेले कागद तिने पुढे केले. कसले ते सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तारखांवर पेन्सील चालवायला सुरुवात केली. सत्तावीस दिवस. अठ्ठावीस. सत्तावीस. एकोणतीस. पान उलटलं, पुन्हा तेच.

"तुमच्याकडचा वारा फार शिस्तीचा दिसतो," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

"आणि गेल्या दीड वर्षात हा वारा सकाळी साडेआठलाच का सुटतो?"

टॉवरताईने खुर्ची पुढे ओढली. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. "आठला चढायच्या आधी मी संडासला जाऊन येते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पाळीच्या दिवसांत तेव्हा सुरी फिरल्यासारखं होतं. मग वर गेले की वाढतच जातं."

"बाई, याहून चांगली नोंद मला कुठल्याच पेशंटनं आजवर आणून दिलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खोटी कसली? कारण तेवढं चुकीचं लिहिलंय. तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं आहे."

ज्या कागदांनी टॉवरताईला खाली उतरवलं, तेच कोणीतरी साक्षीला घेत होतं.

मग डॉक्टरबाईंनी तपासलं, एमआरआय करवला आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. एमआरआयमध्ये मोठं काही नव्हतं, आतड्याजवळ एक शंकेची जागा होती. "याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच जातीचं अस्तर बाहेर पोटात रुजतं. पाळीच्या सुमारास तेही सुजतं, आणि आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटत जातात. पातळ डाग सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाहीत. दुर्बीण घालून बघितलं की दिसतात. गोळ्यांनी दाबून ठेवता येतं, तोही मार्ग आहे. तुम्हाला काय हवंय?"

"मला वर जायचंय," टॉवरताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी वायरमनकडे पाहिलं. "म्हणजे क्रेनवर," तो घाईघाईने म्हणाला.

तेवढ्यात आईने तोंड उघडलं. "मी म्हणते डॉक्टर, पिशवीच काढून टाका ना. नसती कटकट."

"आई, दुखणं पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी काढली आणि बाहेरचं तसंच ठेवलं, तर दुखणं राहू शकतं. घर पाडून अंगणातलं गवत जात नाही." मग त्या टॉवरताईकडे वळल्या. "बेंबीत एक आणि खाली तीन, अशी चार छोटी छिद्रं. पोटात गॅस भरायचा, म्हणजे बघायला जागा होते. दिसतील ते डाग वरवर जाळायचे नाहीत, मुळापासून कापून काढायचे. दोन-तीन तास. एक रात्र इथं. दोन आठवडे घरी, शिडी सहा आठवड्यांनी. पहिल्या एक-दोन पाळ्या दुखतील, त्याला घाबरायचं नाही. आणि हे काही वर्षांनी परत येऊ शकतं. येणारच नाही असं जो सांगेल, त्याच्याकडून ऑपरेशन करून घेऊ नका."

मुलांचंही त्यांनी विचारलं. घाई नाही, पण दार बंद नको, असं दोघांनी सांगितलं. मग आतड्याचा प्रश्न निघाला. गाठ वरवर असली तर ती तासून काढता येणार होती. खोल असली तर आतड्याचा तुकडा कापावा लागणार होता. त्यात धोका जास्त, आणि क्वचित काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावायची वेळ येते.

नवरा म्हणाला, "आतड्याला हातच नको." आई म्हणाली, "एकदाच काय ते करून टाका." दोघं एकदम बोलले आणि मग एकमेकांशी वाद घालू लागले. टॉवरताईने हात वर केला, तसे दोघं थांबले.

"वरवर असेल तर काढा," ती म्हणाली. "खोल असेल तर बाकीचं काढा, ते तसंच ठेवा, मला उठवा आणि आपण परत बोलू. झोपेत माझा निर्णय दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही."

डॉक्टरबाईंनी तो शब्दन् शब्द संमतीपत्रावर लिहिला. टॉवरताईने सही केली, पण पेन खाली ठेवेना.

"आणि आत काहीच निघालं नाही तर?"

खरी भीती ही होती. छिद्रांची नव्हती, भुलीची नव्हती. काही निघालं नाही तर कंपनीच्या डॉक्टरांचा 'ताण' खरा ठरणार, ती नाटकी ठरणार आणि केबिन कायमची जाणार.

"निघालं नाही, तर 'काही सापडलं नाही' असं लिहीन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी खोटं पत्र देत नाही. पण 'हिला दुखत नाही' असंही कधी लिहिणार नाही. आणि खरं सांगू? ही वही बघितल्यावर मला तरी शंका नाही."

ऑपरेशनच्या दिवशी ती पहाटेपासून उपाशी होती आणि तरीही खुशीत होती. नर्सने पायांत घट्ट मोजे चढवले तेव्हा, "हे माझ्या कामाच्या बुटांपेक्षा अवघड आहेत," असं म्हणून तिने नर्सला हसवलं. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घाबरलात?" ती म्हणाली, "रोज साठ मीटरवर जाते. तुमचं टेबल तीन फुटांचं आहे." दहापर्यंत मोजा म्हणाले, ती चारपर्यंत पोचली.

जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. तिला वाटलं, कापायची जागा चुकली की काय! नर्स म्हणाली, पोटातला उरलेला गॅस वर दाबतो म्हणून खांदा दुखतो, चाललात फिरलात की दोन दिवसांत जाईल. घसा कोरडा पडला होता, तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. पण तिला विचारायचं एकच होतं, आणि ते विचारायचा धीर होत नव्हता. नवरा शेजारी बसला होता. तिने विचारायच्या आधीच तो बोलला.

"निघालं," तो म्हणाला. "सात ठिकाणी."

ती रडली. पोटाला हिसका बसत होता तरी रडली. इतक्या आनंदाने आपल्या रोगाचं स्वागत करणारी बाई नर्सने पाहिली नसावी, तिने जाऊन डॉक्टरबाईंनाच बोलावून आणलं.

डॉक्टरबाईंनी फोटो दाखवले. पोटातल्या ओल्या गुलाबी पडद्यावर काळेनिळे ठिपके, काही तांबडे, काही जुन्या व्रणासारखे पांढरे. डावं अंडाशय कोळ्याच्या जाळ्यासारख्या पापुद्र्यांनी भिंतीला चिकटलेलं. आतड्यावर वाटाण्याएवढी गाठ, वरवरची, ती तासून काढली होती. "सगळं लॅबला पाठवलंय. दहा दिवसांत अहवाल, मग पत्र."

आईने फोटो हातात घेतले. कितीतरी वेळ बघत बसली, एकही शब्द बोलली नाही. आई गप्प बसली ही त्या दिवसातली सगळ्यात विचित्र गोष्ट होती, पण तेव्हा कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

घरी आल्यावर पहिले चार दिवस बरे गेले. पोट फुगलेलं, सैल कपडे, थोडा रक्तस्राव, दुपारी गाढ झोप. वायरमन सूप करायचा, आणि ते पाण्यासारखं झालं की म्हणायचा, "पेशंटला हलकंच द्यायचं असतं." सातव्या दिवशी मात्र टॉवरताईने घोटाळा केला. पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही असं सांगितलेलं होतं. ती माप काटेकोर पाळणारी बाई. तिने बादलीत साडेचार लिटर पाणी मोजून घेतलं आणि खिडकीतल्या झाडांना घालायला ती हात लांब करून उचलली. बेंबीपाशी अशी कळ निघाली की ती मटकन खाली बसली.

नवरा धावत आला. ती कण्हत होती आणि हसतही होती. "अकरा वर्षं मी हेच सांगत आले," ती म्हणाली. "माल जवळ असला तर दोन टन उचलेन, टोकाला असला तर अर्धासुद्धा नाही. हात लांब केला की वजन वाढतं. क्रेनला कळतं, मला कळलं नाही."

फोनवर डॉक्टरबाईंनी ताप आहे का, टाका उसवलाय का, रक्त जास्त जातंय का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. "मग पडून राहा," त्या म्हणाल्या, "आणि झाडांना नवऱ्याला पाणी घालू द्या."

लॅबचा अहवाल आला. एंडोमेट्रिओसिस, सातही ठिकाणी. पत्र आलं. पाचव्या आठवड्यात पाळी आली आणि चांगलीच दुखली. एका रात्रीपुरतं टॉवरताईच्या मनात आलं, की गेलं सगळं पाण्यात. पण सकाळी ती संडासला जाऊन आली आणि दारातच उभी राहिली. सुरी फिरली नव्हती. दुखत होतं, पण दुखण्यासारखं दुखत होतं, माणसाला उभं राहता येईल असं. सहाव्या आठवड्यानंतर सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिला शिडी चढायला लावली आणि स्वतः मागून चढले. निम्म्यावर त्यांनाच धाप लागली. त्यांनी अर्जावर तिथेच सही केली. वहीच्या रकान्यात त्यांनी आता 'प्रकृती' असं एक कारण छापून घेतलं होतं. ते त्यांनी लाजत लाजत दाखवलं.

पुन्हा क्रेनवर जायच्या पहिल्या सकाळी टॉवरताई बूट घालत होती. आईचीही बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, तिची गाडी नऊची. आई खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर ते फोटो होते.

"हे एक मी नेऊ का?" आईने विचारलं.

"ने की. पण कशाला? भिंतीला लावणार आहेस?"

आई हसली नाही. "माझ्यात पण हेच असणार गं," ती म्हणाली.

टॉवरताईचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

"माझी एक्स्चेंजमधली नोकरी," आई म्हणाली.

आईची टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी म्हणजे घरातलं पाठ झालेलं प्रकरण होतं. लोकांचे फोन जोडून द्यायची ती नोकरी आईने लेकीसाठी सोडली, हे लेकीने सातव्या वर्षापासून ऐकलं होतं. मावशीकडून, शेजाऱ्यांकडून, भांडणात खुद्द आईकडून. ते ओझं तिने निमूटपणे वागवलं होतं.

"तुझ्यासाठी नव्हती सोडली," आई म्हणाली. "मला बसवत नव्हतं. त्या दिवसांत हेडफोन लावून घामाने निथळायचे. साहेबांनी विचारलं की सांगायचे, मुलगी आजारी आहे, घरी जाऊ द्या. दुसरं काय सांगणार? दर महिन्याला तुला आजारी पाडत होते. शेवटी माझी मलाच लाज वाटायला लागली, म्हणून राजीनामा दिला. आणि मग तेच सगळ्यांना सांगत सुटले, की मुलीसाठी सोडली. तुला सहन कर म्हणाले ते पण... मला वाटायचं मीच नाजूक. माझ्यासारखं तुलाही कोणी नाजूक ठरवायला नको म्हणून."

टॉवरताईला राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही. पण डोळ्यांपुढे आली ती तिच्याहून लहान वयाची एक बाई, कानाला हेडफोन, एक हात पोटाशी, दुसऱ्या हाताने लोकांचे फोन जोडून देणारी. तिच्यासाठी कोणी तारखांवर पेन्सील फिरवली नव्हती. टॉवरताई उठून आईच्या खुर्चीपाशी गेली.

"मला काय काय झालं होतं?" तिने विचारलं.

"ताप. खोकला. पडून हात मोडला दोनदा." आईने डोळे पुसले. "गोवर तुला चारदा झाला."

"चारदा गोवर? आणि साहेबांना कळलं नाही?"

"ते बिचारे प्रत्येक वेळी विचारायचे, कशी आहे मुलगी."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता आईचा बांध फुटला आणि लेकीने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. तिथे आता दुखत नव्हतं. बाहेर नवऱ्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. पहिल्याच दिवशी उशीर होणार हे टॉवरताईला दिसत होतं.

"एका वेळी बारा-बारा लाइनी सांभाळायचे मी," आई तिच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली. "कधी कोणाचा फोन तुटला नाही. मला फार चांगलं यायचं गं ते काम."